जाऊबाईंच्या काळजाचा फोटो

माझ्या थोरल्या जाऊबाई हट्टी आहेत, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की तू त्यांची बाजू घेतेस. त्यांची बाजू मी आयुष्यात कधी घेतलेली नाही. या घरात सून म्हणून आले त्या दिवसापासून आमचं दोघींचं पटलेलं नाही. दार उघडं कुणी टाकलं, दूध उतू कुणी घालवलं, कशावरूनही आम्ही भांडतो आणि मनापासून भांडतो. पण त्यांच्या दुखण्यावरून घरात जे चाललं होतं ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

आमची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलच्या चादरी येतात, ढीगच्या ढीग. धुवायच्या, वाळवायच्या, मोठ्या रोलरखालून काढायच्या, घड्या घालून परत पाठवायच्या. ही लॉन्ड्री जाऊबाईंनी उभी केली. भावजी, म्हणजे त्यांचे मिस्टर, माझे मोठे दीर, तेव्हा नोकरीत होते. नोकरी सुटल्यावर ते येऊन टेबलाशी बसले आणि बिलं बघायला लागले. माझा नवरा गाडी चालवतो. किल्ली मात्र पहिल्यापासून जाऊबाईंकडे. सकाळी कुलूप त्या उघडणार, संध्याकाळी त्याच लावणार, आणि मधल्या वेळात दिसेल त्याच्यावर ओरडणार. राग कायम नाकावर. कामाला येणाऱ्या बायका पाठीमागे त्यांना 'वाफ' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि मला वाटतं आवडतंही.

आता मला कसं कळलं ते ऐका. मोठ्या चादरीची घडी एकटीच्यानं होत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन दोन टोकं धरतात, झटकतात, मग एक जण चालत येऊन आपली टोकं दुसरीच्या हातात देते. एक चालणारी, एक उभी राहणारी. आमच्या जोडीत चालायचं काम जाऊबाईंचं. मी एकदा चालायला गेले तर म्हणाल्या, "तू चाललीस की चादर जमिनीला पुसत येते, तू आपली खांबासारखी उभी राहा." तेव्हापासून मी खांब. दिवसभर त्या माझ्याकडे चालत येतात, मागे जातात, परत येतात.

आणि एक दिवस दुपारी मधेच थांबून त्या म्हणाल्या, "आज तू चाल."

मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही, जबडा दुखतोय."

जबडा दुखतो म्हणून कुणी चालायचं थांबतं का? पण विचारणार कोण? डाव्या बाजूला दुखतंय म्हटल्यावर भावजी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या बाजूला एक दाढ थोडी किडलेली निघाली. झालं! कारण सापडलं. दाढ काढली. दाढ गेली ती गेली, दुखणं जागेवर. उलट आता ते जबड्यातून पाठीत उतरायला लागलं, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी वजन ठेवल्यासारखं. चादर घेऊन चार-सहा वेळा चालल्या की धरायचं, थांबल्या की सुटायचं.

भावजींनी निदान केलं: गॅस. मग निदान केलं: डोकं. "तू चिडतेस फार. दिवसभर त्या वाफेत उभं राहायचं आणि ओरडायचं, मग दुखणार नाही तर काय?"

"ओरडले नाही तरी दुखतं," जाऊबाई म्हणाल्या.

"तुला न ओरडताना मी अजून पाहिलेलं नाही."

हे बोलताना ते हसायचे, माझा नवराही हसायचा. विनोदाला हसायला माझी हरकत नाही, मी स्वतः चांगली हसते. पण माणूस पाठ धरून उभं असताना नाही.

आणि भावजींकडे एक हुकमाचं पान होतं. ज्या हॉस्पिटलच्या चादरी आम्ही धुतो, त्यांनी आदल्या वर्षी आम्हा सगळ्यांची तपासणी केली होती. त्यात काळजाचा एक साधा सीटी स्कॅन होता, नळ्यांमध्ये किती चुना साठलाय ते बघायचा. जाऊबाईंचा आकडा शून्य आला होता. झालं, ते शून्य भावजींनी मिठाईसारखं वाटलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, शेजारी सांगितलं, माझ्या माहेरी फोन करून सांगितलं. जाऊबाईंनी पाठीला हात लावला रे लावला की भावजी म्हणायचे, "शून्य आलाय तुझा, शून्य! लहान बाळासारखं काळीज आहे. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

शून्यापुढे कोण काय बोलणार?

मग एका दुपारी जाऊबाई मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. मी भावजींना विचारलंच नाही. नवऱ्याला हाक मारली, त्यांना गाडीत घातलं, मागे धुवायच्या गोण्या तशाच, आणि हॉस्पिटल गाठलं. वाटेत जाऊबाई म्हणाल्या, "रोलर चालू राहिला असेल. जळेल सगळं." मी म्हटलं, "जळू दे, मरू दे, तुम्ही गप्प बसा." आयुष्यात पहिल्यांदा त्या माझं ऐकून गप्प बसल्या, आणि माझं धाबं दणाणलं.

तिथला तरुण डॉक्टर भला होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यानं पट्टी काढली, म्हणजे छातीला तारा लावून काढतात तो कागद. पट्टी ठीक. रक्त तपासलं. रक्तही ठीक. तोवर इकडे दुखणंही थांबलेलं, कारण बाई आडव्या पडलेल्या. तेवढ्यात भावजी धापा टाकत आले आणि आल्या आल्या शून्याची गोष्ट सुरू केली.

डॉक्टरनं विचारलं, "ताण फार घेतात का या?"

"घेत नाही, साहेब," भावजी म्हणाले. "देते."

डॉक्टर हसला. गॅसची गोळी लिहून दिली, झोपेची एक लिहून दिली, आणि म्हणाला, घरी जा, आराम करा.

जाऊबाई उठून बसल्या. चपला घातल्या. मला वाटलं, आता निघतील. पण त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि हाताची घडी घातली.

"मी जात नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे जात नाही. मला दुखतंय. मी खोटं बोलत नाही. का दुखतंय ते कळेपर्यंत मी इथून हलणार नाही, काय करायचं ते करा."

भावजींनी समजावलं. डॉक्टरनं समजावलं. नर्स आली, तिनं गोडीत सांगून पाहिलं. जाऊबाई भिंतीकडे बघत बसल्या. भावजींना इतकी लाज वाटली की ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी सांग तिला."

मी दुसरी खुर्ची ओढली आणि जाऊबाईंच्या शेजारी बसले. म्हटलं, "मीपण जात नाही."

जाऊबाईंनी माझ्याकडे तिरकं बघितलं. "तुला काय होतंय?"

"मला काही होत नाही. मला बसायचंय."

शेवटी हात टेकून त्या तरुण डॉक्टरनं काळजाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. पिकलेल्या केसांची, चष्मा गळ्यात अडकवलेली, घाईत असलेली बाई. त्यांनी पट्टी पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, भावजींच्या शून्यावर फक्त मान हलवली. मग जाऊबाईंसमोर स्टूल घेऊन बसल्या आणि विचारलं, "कधी दुखतं?"

"चादर घेऊन चालले की."

"आणि थांबतं कधी?"

"मी थांबले की."

"दाढ काढायच्या आधीही असंच?"

"असंच."

"चालताना दुखणारी आणि उभं राहिलं की थांबणारी दाढ मी ऐकलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांचा सीटी करायचा. रंगाचं औषध देऊन."

"अहो, पण झालाय की सीटी! शून्य आलाय," भावजी म्हणाले.

त्यावर त्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मागच्या वर्षीच्या स्कॅनमध्ये फक्त जुना, चुन्यासारखा कडक झालेला थर दिसतो. नळीत नवा, मऊ थर साठत असेल तर तो त्यात दिसत नाही. बायकांमध्ये असं होतं, आणि मऊ थर जास्त दगाबाज, कारण तो फुटतो. हा नवा स्कॅन वेगळा. शिरेतून औषध सोडायचं, ते काळजाच्या नळ्यांत पोचलं की मशीन धडधडत्या काळजाचे बारीक बारीक काप काढतं, आणि रक्त कुठे अडतंय ते बाहेरूनच दिसतं.

भावजी ऐकत होते, पण त्यांचा चेहरा शून्य सोडायला तयार नव्हता. ते बायकोला म्हणाले, "हौस फेडून घे. काही निघणार नाही. आणि नाही निघालं तर?"

"नाही निघालं तर किल्ली तुमची," जाऊबाई म्हणाल्या. "फोटो स्वच्छ निघाला तर उद्यापासून लॉन्ड्रीत पाऊल टाकणार नाही. घरी बसेन, गोळ्या खाईन, एक शब्द बोलणार नाही. या बाईंसमोर सांगते."

"तुमच्या भांडणात मी नाही," डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. "मी फोटो काढणार, एवढंच."

लॉन्ड्री गेली तर जाऊबाई महिनाभर जगायच्या नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. आणि लॉन्ड्री राहायची तर काळजात खोट निघायला हवी! असली पैज कुणी लावतं? मी कुणाची प्रार्थना करू आणि कशासाठी? मनातल्या मनात मी दोघांनाही शिव्या घातल्या.

स्कॅनच्या खोलीत मला आत येऊ दिलं, तयारी होईपर्यंत. मोठ्या गोल मशीनच्या तोंडाशी एक अरुंद पलंग. त्यावर पांढरी चादर. जाऊबाई आडवं व्हायचं सोडून चादरीचं टोक उलटून बघायला लागल्या.

"ही आपली आहे," त्या म्हणाल्या. "आणि ही घडी कुणी घातली? मधोमध सुरकुती आहे बघ."

"तुम्ही झोपा हो!"

"खांबानंच घातली असणार," त्या पुटपुटल्या आणि झोपल्या.

मशीन चालवणारी बाई गोरीगोमटी, बोलकी. तिनं सांगितलं, काळीज फार जोरात धावत असेल तर फोटो हलतो, म्हणून ठोके साठच्या आसपास यायला हवेत. गोळी दिली. अर्ध्या तासानं पडद्यावरचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. सत्तर. अडुसष्ट. पासष्ट. आम्ही दोघी आकड्याकडे डोळे लावून बसलो. इतक्यात दार किलकिलं झालं आणि भावजींचं डोकं आत आलं.

"झालं का? अजून विचार बदल. उगाच अंगात औषधं कशाला..."

आकडा नव्वदवर गेला.

मशीनवाल्या बाईनं आकड्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "हे कोण?"

"मिस्टर आहेत," जाऊबाई दात आवळून म्हणाल्या. त्र्याण्णव.

"काका, तुम्ही कँटीनमध्ये जा. लांबच्या. चहा प्या, दोन प्या."

भावजी गेले तसा आकडा उतरला. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. मशीनवाली बाई म्हणाली, "रोज एक तरी असा निघतो." मग तिनं जाऊबाईंना सांगितलं, औषध आत गेलं की अंगातून गरम लाट येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका, होत नाही.

"झाली तरी मला काय," जाऊबाई म्हणाल्या. "चादर धुवायला माझ्याकडेच येणार आहे."

मला बाहेर काढलं. काचेतून बघितलं. पलंग आत सरकला, बाहेर आला, परत आत. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. एवढंच. जिच्यावरून घरात महाभारत झालं ती गोष्ट चहा निवायच्या आत उरकली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर जाऊबाईंचं काळीज. मी पहिल्यांदाच कुणाचं काळीज असं बघत होते. त्या बाई ते बोटानं फिरवत होत्या, पुढून, मागून. वर नळ्या, पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या. एका जागी पांढरा रंग बारीक होत होत जवळजवळ दोऱ्याएवढा झाला होता.

"ही समोरची मुख्य नळी," त्या म्हणाल्या. "इथे बघा. मऊ थर आहे. रक्ताला जायला एवढीशीच वाट उरली आहे. आणि हे..." त्यांनी काळजाच्या भिंतीवरच्या एका गडद पट्टीवर बोट ठेवलं. "इथल्या स्नायूला मार बसलाय. एक लहान झटका येऊन गेलेला आहे. काही आठवडे झाले असावेत. म्हणून आज रक्तात काही सापडलं नाही."

भावजी पडद्याजवळ सरकले.

"येऊन गेलाय?" भावजी म्हणाले. "कधी?"

डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई विचार करत म्हणाल्या, "दाढ काढली त्याच्या आदल्या दिवशी. फार दुखलं होतं. उलटी झाली. मग मी हॉटेलची गाडी भरायला गेले."

गाडी भरायला गेली बाई! काळजाला झटका आलेला, आणि ही गोण्या उचलतेय, आणि आम्ही सगळे म्हणतोय, दाढ!

जाऊबाई नवऱ्याकडे वळल्या. "बघा!" त्या म्हणाल्या. काय तो आवाज! जिंकल्याचा आवाज. "बघा, बघा, नीट बघा. हे माझं डोकं आहे का? हा माझा स्वभाव आहे का?"

मग त्यांनी परत पडद्याकडे बघितलं. आणि बहुतेक तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण जिंकलोय ते काय. तो दोरा त्यांचा होता. त्यांनी न बघता हात लांब केला, माझा हात सापडला तो घट्ट धरला.

"धाकटे," त्या हळूच म्हणाल्या, "मला मरायचं नाही गं."

"मरताय कशाला?" मी ओरडलेच. "मग माझ्याशी भांडणार कोण?" आणि मला रडू फुटलं, ते आवरेना.

दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून त्यांच्या नळीत जाळी बसवली. आम्ही बाहेर बसलो होतो. भावजी भिंतीला टेकून उभे, हात रिकामे. मला त्यांचा इतका राग आला होता की मी तिकडे बघतही नव्हते. बऱ्याच वेळानं तेच बोलले.

"मला वाटायचं, मी नाही म्हटलं की नसेलच."

घाबरलेलं माणूसही शून्याला असं चिकटून बसतं, हे मला तेव्हा कळलं. पण घाबरायचं यांनी आणि सोसायचं तिनं, हा कुठला न्याय?

जाळी चांगली बसली. वॉर्डात आणल्यावर भावजींनी बायकोच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिलं वाक्य काय बोलले? "आता तर घरीच बसायचं हं. लॉन्ड्रीचं नाव नको."

मी तोंड उघडणार, त्याआधी जाऊबाईंनी डोळे उघडले.

"शब्द काय ठरला होता?"

"अगं, आता ते कशाला..."

"शब्द काय होता? फोटो स्वच्छ निघाला तर किल्ली तुमची. निघाला का स्वच्छ?"

भावजींनी कपाळावरचा हात काढून घेतला.

"मग किल्ली माझी," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. रोज चाला, गोळ्या चुकवू नका, जड उचलू नका, काही आठवड्यांनी कामाला जायला हरकत नाही. जाऊबाईंनी ते भावजींना दोनदा ऐकायला लावलं.

त्या परत आल्या त्या सकाळी लॉन्ड्री नेहमीसारखी चालू होती. मशीनं फिरत होती, रोलर गरम झाला होता, बायका गठ्ठे काढत होत्या. जाऊबाई आत आल्या तशा सगळ्या हात थांबवून बघायला लागल्या. भावजींनी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची आणून ठेवली होती, शेजारी पाण्याची बाटली. माणूस वाईट आहे, असं मी म्हणत नाही.

"बस," ते म्हणाले. "तू नुसतं बसून सांग, आम्ही करतो."

जाऊबाई बसल्या नाहीत.

"त्याआधी एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "माझी चांगली दाढ गेली. इतके दिवस या सगळ्यांसमोर मला खोटी पाडलीत. आता यांच्यासमोरच म्हणा. तुला दुखत होतं, म्हणा."

भावजींचे कान लाल झाले. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं नाही. ते काहीतरी पुटपुटले.

"मशीनं चालू आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "ऐकू नाही आलं."

रोलरपाशी उभ्या असलेल्या बाईनं बटणाकडे हात नेला. जाऊबाई तिच्यावर खेकसल्या, "बंद करू नकोस!"

मग भावजींनी मान वर केली आणि ओरडले. त्या सगळ्या घरघरीच्या वर, वाफेच्या वर, घसा फाटेस्तोवर ओरडले, "तुला दुखत होतं! तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही!"

दुसरं वाक्य त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते बोलताना त्यांचा आवाज फुटला, आणि सगळ्या बायकांदेखत ते हुंदके देत उभे राहिले.

जाऊबाई त्यांच्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ.

"हां," त्या म्हणाल्या. "आता ऐकू आलं."